स्वस्त धातूचे मोल : निकेलपासून मँगनीजपर्यंत

(व्याख्यानाचा पाठ)



बाजारातून आणलेला बिस्किटांचा पुडा घरात उघडण्यापूर्वी श्राविकेची नजर प्रथम हिरव्या ठिपक्याकडे जाते. शाकाहारी पदार्थांवर हे चिन्ह छापणे आपल्या देशात २००१ पासून बंधनकारक झाले आणि जैन घरांची मोठी चिंता त्याने हलकी केली. परंतु त्याच पुड्यावर बारीक अक्षरांत आणखी एक नोंद असते, ती म्हणजे 'हायड्रोजनीकृत वनस्पती तेल'. हिरवा ठिपका पदार्थ कोठून आला एवढेच सांगतो. मुळात पातळ असलेले तेल तुपासारखे घट्ट कसे झाले, ते कोणी केले आणि तसे करताना त्यात काय बदलले, याविषयी तो मौन पाळतो. त्या मौनामागे एका स्वस्त धातूचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

तेल आणि चरबी यांची घडण मूलतः एकच. दोन्हींत मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये जेथे दुहेरी बंध असतो तेथे तिला बाक येतो. बाक आलेल्या साखळ्या एकमेकींजवळ नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. त्या दुहेरी बंधात हायड्रोजन भरला की साखळी सरळ होते, साखळ्या दाटीने बसतात आणि तेल थिजते. कागदावर ही गोष्ट फारच सोपी दिसते. प्रत्यक्षात तेलात हायड्रोजन वायू कितीही वेळ सोडत राहिले, तरी काहीच घडत नाही. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मध्यस्थावाचून ते सुटत नाहीत.

तो मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक. जैन तत्त्वचर्चेशी परिचित असलेल्या श्रोत्यांना येथे उपादान आणि निमित्त हे शब्द आठवतील. तेल आणि हायड्रोजन हे उपादान. कार्य त्यांच्यात घडते. उत्प्रेरक हे निमित्त. त्याच्या उपस्थितीत कार्य होते आणि शेवटी तो स्वतः होता तसाच उरतो. तुलना अर्थातच फार ताणू नये. हे निमित्त दूर उभे राहून पाहत नाही. धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू सुटे होऊन चिकटतात, तेलाची साखळीही तेथेच येऊन टेकते, अणू तिला जोडले जातात आणि ती पुन्हा मोकळी होते. जागा रिकामी झाली की दुसरी साखळी येते. धातूचा एकच कण हे काम असंख्य वेळा करतो.

असे काम करणारे धातू प्रथम सापडले ते श्रीमंतांचे. प्लॅटिनमच्या संपर्कात हायड्रोजन पेट घेतो, हे जर्मनीत डोबेरायनर यांनी १८२३ मध्येच दाखविले होते. परंतु प्लॅटिनमच्या भरवशावर कोणी तेलाचा कारखाना काढला नसता. मार्ग मोकळा केला तो फ्रान्समधील तुलूझ येथील पॉल साबात्ये यांनी. १८९७ मध्ये त्यांनी आपले सहकारी सांदेरां यांच्यासह निकेलच्या बारीक भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन नेले, आणि दोहोंचा संयोग झाला. सांदेरां हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, ही गंमत जाता जाता नोंदवावी. साबात्ये यांना या कार्यासाठी १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रयोग वाफेवर आणि वायूंवर होते. द्रव तेलावर हीच युक्ती चालते, हे जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन यांनी सिद्ध केले आणि १९०२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढील दहा वर्षांच्या आत युरोप-अमेरिकेत घट्ट केलेली तेले बाजारात आली.

यात निकेलचा भाव हीच निर्णायक गोष्ट होती. आजच्या बाजारातही निकेल आणि प्लॅटिनम यांच्या किलोमागील किमतीत हजारपटीहून अधिक अंतर आहे. प्लॅटिनमचे ज्ञान प्रयोगशाळेत राहिले असते; निकेलने ते स्वयंपाकघरात आणले.

भारतात ते मुंबईमार्गे आले. शिवडी येथे हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या कारखान्यात १९३२ मध्ये वनस्पतीचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. हिरव्या-पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या नजरेत इतके बसले की वस्तूचे नाव विसरून लोक वनस्पतीलाच डालडा म्हणू लागले. लग्नाच्या पंगतीत साजूक तूप परवडत नसलेल्या घरांची त्याने लाज राखली, हे खरे. आणि साजूक तुपात ते मिसळून विकणाऱ्यांचीही त्याने सोय केली, हेही तितकेच खरे. गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला होता, आणि स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. वनस्पतीला एखादा रंग द्यावा म्हणजे भेसळ डोळ्यांनीच कळेल, अशी सूचना पुनःपुन्हा पुढे येई. परंतु खाण्यास निर्धोक, उष्णतेने न उडणारा आणि सहज काढून टाकता न येणारा रंग काही हाती लागला नाही.

शेवटी तोडगा निघाला तो तिळाच्या तेलाचा. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. तिळाच्या तेलातील एका घटकाचा फरफ्युरॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याशी संयोग झाला की किरमिजी रंग उमटतो. ही बोदुआँ चाचणी. तुपाच्या नमुन्याला तो रंग आला, की त्यात वनस्पती आहे हे उघड होई. निकेलने तेलाचे रूप बदलून टाकले होते. बिचाऱ्या तिळाला साक्षीदार म्हणून उभे करावे लागले.

आता गोंदियाकडे वळावे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण धानाचे गाव ही गोंदियाची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. राइस मिलमध्ये धान भरडले की तूस बाजूला होते आणि तांदळाला पांढरा करताना वरचा कोंडा निघतो. या कोंड्यात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असते. तरीही कित्येक वर्षे कोंडा हा गुरांच्या खाद्याचाच जिन्नस मानला गेला. याचे कारण कोंड्यातच आहे. भरडताना तेल आणि त्याला फोडणारे विकर एकत्र येतात, आणि त्या क्षणापासून तेल फुटून आम्लता वाढू लागते. कोंडा चार दिवस पोत्यात राहिला तर त्यातून निघणारे तेल साबणाच्या कढईतच जाण्याच्या लायकीचे उरते. उकड्या तांदळाच्या कोंड्याची ही अडचण कमी असते, कारण धान वाफविताना ते विकर निष्प्रभ होते.

या तेलाला हायड्रोजनीकरणाच्या पात्रात नेले तर दुसरा अडथळा येतो, आणि स्वस्त धातूचा स्वभाव तेथे कळतो. निकेलला 'विषबाधा' होते. तेलातील डिंकासारखी फॉस्फरसयुक्त द्रव्ये, गंधक आणि सुटी आम्ले धातूच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि उठतच नाहीत. ज्या जागी हायड्रोजनने बसायचे ती जागा अडते, आणि धातू असून नसल्यासारखा होतो. कोंड्याच्या कच्च्या तेलात डिंक आणि मेण दोन्ही भरपूर. म्हणून आधी ते काढणे, मग आम्लता उतरविणे, मग रंग घालविणे, आणि त्यानंतरच निकेल. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकरांच्या साहाय्याने या तेलातील डिंक काढण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा शुद्धीकरणाचे हे काम पुष्कळ सुकर झाले. आज कोंड्याचे तेल स्वतःच्या गुणावर, पातळ रूपातच, खाद्यतेल म्हणून मानाने विकले जाते. निकेलच्या पात्रात न जाताच त्याला प्रतिष्ठा मिळाली, हे बरेच झाले.

जैन समाजाच्या दृष्टीने या कथेतील कटू प्रकरण १९८३ चे. बाहेरून आयात केलेली गोवंशाची चरबी काही ठिकाणी वनस्पतीत मिसळली गेल्याचे त्या वर्षी उघड झाले आणि देशभर खळबळ उडाली. संसदेत प्रश्न उठले, चरबीच्या आयातीवर बंदी आली. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अभक्ष्याचा स्पर्शही टाळला होता, त्या घरांत न जाणता काय शिजले असेल या विचाराने अनेकांच्या मनाला जी यातना झाली, ती आकड्यांत मांडता येणार नाही. अनेक कुटुंबांनी वनस्पती तेव्हापासून कायमची वर्ज्य केली.

हे शक्य का झाले, याचे उत्तर रसायनशास्त्रातच आहे. हायड्रोजनीकरण उगमाच्या खुणा पुसट करते. शेंगदाण्याचे तेल शेंगदाण्याच्या वासाने कळते. सरकीचे, मोहरीचे आपापल्या गुणाने ओळखू येते. घट्ट करून, गंध काढून घेतल्यावर सारेच पांढरे, सारेच बेचव. मात्र सर्व खुणा पुसल्या जात नाहीत. प्राणिज चरबीत प्रामुख्याने कोलेस्टेरॉल असते, वनस्पतीच्या तेलात त्याच कुळातील पण वेगळी द्रव्ये असतात, आणि वायुवर्णलेखन यंत्रावर हा भेद स्पष्ट दिसतो. पूर्वी अशी यंत्रे मोजक्याच प्रयोगशाळांत होती, आणि भेसळ करणाऱ्याला ते चांगले ठाऊक होते.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या निकेलमुळे हा गोंधळ शक्य झाला, त्याच निकेलमुळे प्राणिज चरबीवाचून अनेक गोष्टी होऊ शकल्या. स्टिअरिक आम्ल हे मेणबत्ती, साबण आणि सौंदर्यप्रसाधने यांत लागते, आणि ते मिळविण्याचा जुना मार्ग चरबीचाच. वनस्पतीज मेदाम्लांत निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरला की तेच द्रव्य मिळते. एरंडेल तेल असे घट्ट करून त्यापासून यंत्रांच्या वंगणासाठी ग्रीस बनते. एरंडीत भारत जगात अग्रेसर आहे. आणि ग्लुकोजवर हायड्रोजनची क्रिया करून मिळणारे सॉर्बिटॉल टूथपेस्टमध्ये व औषधी सिरपमध्ये जाते, तेही निकेलच्याच कृपेने. अहिंसक वस्तूंच्या निर्मितीत या काळपट भुकटीचा वाटा मोठा आहे. त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो.

अनेकांच्या मनात प्रश्न असतो, की मग हा धातू खाण्यात राहत नाही काय? क्रिया संपल्यावर तेल दाबाने गाळले जाते आणि निकेल मागे राहते. उरलेल्या अंशावर कायद्याची मर्यादा आहे, दहा लाख भागांत दीड भाग. खरी हानी निकेल उरण्याने झालेली नाही. ती झाली त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे.

साखळीला दोन अणू जोडायचे असतात, परंतु ते एकदम जोडले जात नाहीत. आधी एक, मग दुसरा. पहिला जोडल्यावर साखळी त्या जागी मोकळी फिरू शकते. पृष्ठभागावर हायड्रोजनची टंचाई असेल तर दुसरा अणू मिळतच नाही. उलट साखळी एक अणू परत टाकून निसटते. दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण निसर्गाने दिलेला बाक राहीलच असे नाही. साखळी आता सरळ असते. हीच ट्रान्स चरबी. कारखान्यात तेलाचे सर्व बंध भरले तर मेणासारखा कठीण गोळा होईल, म्हणून क्रिया अर्ध्यावर थांबविली जाई. उष्णता अधिक, हायड्रोजनचा दाब कमी, काम अर्धवट. ट्रान्स चरबीला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? ही चरबी रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढविते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटविते, हे गेल्या शतकाच्या अखेरीस निर्विवाद ठरले. तोवर लक्षावधी घरांच्या कढईत ती जाऊन बसली होती.

आपल्या देशात खाद्यतेल-चरबीतील तिच्या प्रमाणावर प्रथम १० टक्क्यांची मर्यादा आली, नंतर ५ टक्क्यांची; २०२१ मध्ये ती ३ टक्के झाली आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. कारखानदारांना मार्ग बदलावा लागला. काहींनी पाम तेलाचा जात्याच घट्ट असलेला भाग वापरण्यास सुरुवात केली, तर काही पूर्ण हायड्रोजनीकृत चरबी घेऊन तिची मेदाम्ले पातळ तेलाशी अदलाबदल करतात. पूर्ण भरलेल्या साखळीत दुहेरी बंधच नसतो, त्यामुळे ट्रान्स चरबीही जवळजवळ नसते. म्हणून पुड्यावर नुसते 'हायड्रोजनीकृत' वाचून घाबरू नये. शेजारच्या तक्त्यात ट्रान्स चरबीचा आकडा दिलेला असतो, तो वाचावा. आणि तो शून्य असला तरी संपृक्त चरबीच्या आकड्याकडे पाहण्याची सवय ठेवावी, कारण पाम तेलाने ती रिकामी जागा भरून काढली आहे.

स्वयंपाकघराइतकेच हायड्रोजनीकरण औषधांच्या कारखान्यात चालते. ॲनिलिन या साध्या रसायनाचे उदाहरण घ्यावे. १८५४ मध्ये बेशां यांनी नायट्रोबेंझीनवर लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरून ते मिळविण्याची पद्धत शोधली. रंग आणि औषधे यांच्या घटकांसाठी ही पद्धत दीर्घकाळ चालली, भारतातही. येथे लोखंड उत्प्रेरक नसते. ते स्वतः गंजून खर्ची पडते. हिशोब मांडला तर १ किलो ॲनिलिनमागे सुमारे १.९ किलो लोह ऑक्साइडचा काळा गाळ निघतो. माल एक किलो आणि कचरा जवळजवळ दोन! तेच काम निकेल व हायड्रोजन यांनी केले तर सोबत निघते ते केवळ पाणी, तेही ४०० ग्रॅमपेक्षा कमी. पॅरासिटामॉल ज्यापासून बनते ते पॅराॲमिनोफेनॉलही याच जातीच्या क्रियेतून येते.

या कामासाठी प्रसिद्ध असलेले निकेल अमेरिकेतील मरे रेनी यांचे. सरकीचे तेल घट्ट करण्याच्या खटाटोपात त्यांनी निकेल आणि ॲल्युमिनिअम यांचा मिश्रधातू केला आणि कॉस्टिक सोड्याने त्यातील ॲल्युमिनिअम विरघळवून टाकले. मागे उरले ते स्पंजासारखे सच्छिद्र निकेल. याचे पेटंट १९२७ चे. एक ग्रॅम भुकटीत मोठ्या खोलीच्या फरशीएवढा पृष्ठभाग सामावतो. ती पाण्याखालीच साठवावी लागते. सुकली की हवेत आपोआप पेट घेते, म्हणून तिला हाताळणारे कामगार तिचा धाक बाळगतात.

इतके असूनही महागडे धातू कालबाह्य झाले नाहीत. निकेल बलवान आहे, पण त्याला निवड कमी कळते. रेणूत तीन-चार जागी हायड्रोजन बसू शकत असेल आणि त्यांतील एकच जागा भरायची असेल, तेथे रसायनतज्ज्ञ अजूनही पॅलेडियम, रोडियम, रुथेनियम यांकडे वळतो. कंपवातावरील एल-डोपा हे औषध रोडियमच्या साहाय्याने बनविण्याची पद्धत विल्यम नोल्स यांनी दिली, आणि २००१ च्या नोबेलमध्ये नोयोरी व शार्पलेस यांच्यासह त्यांचा वाटा होता. असे धातू मोजक्या देशांत सापडतात, त्यांचे भाव उसळतात, आणि औषधाच्या किमतीत ते उतरतात.

म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील शोधाचा रोख स्वस्त धातूला निवड शिकविण्याकडे आहे. २००४ मध्ये अमेरिकेत पॉल चिरिक यांच्या गटाने लोहाचे असे संयुग दाखविले, की जे साध्या खोलीच्या तापमानात दुहेरी बंधांत हायड्रोजन भरते. २०१३ मध्ये जर्मनीतील रोस्टॉक येथे माथियास बेलर यांच्या गटाने, ज्यात भारतीय संशोधक आर. व्ही. जगदीश प्रमुख होते, कार्बनवर बसविलेल्या लोह ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांनी नायट्रो संयुगांचे ॲमिनमध्ये रूपांतर केले, आणि तेही रेणूतील इतर नाजूक गटांना धक्का न लावता. बेशां यांच्या पद्धतीत जे लोखंड गाळ होऊन बाहेर पडे, तेच येथे आपल्या जागी टिकून काम करते. २०१६ मध्ये त्याच गटाने मँगनीजच्या संयुगाने नायट्राइल, कीटोन आणि अल्डिहाइड यांचे हायड्रोजनीकरण साधले. अडचणी अर्थातच आहेत. धातू स्वस्त असला तरी त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय रेणू कधी कधी धातूहून कितीतरी महाग पडतात, आणि अशी अनेक संयुगे हवा लागताच नासतात. टनावारी उत्पादनाला अजून वेळ आहे.

मँगनीज हे नाव या भागाला परके नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांची संपत्ती याच धातूच्या खाणींतून आली होती. १९३० मध्ये ते निवर्तले, तेव्हा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी ठेवली, आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञान हा तेथील शिक्षणाचा जुना विषय. २०२३ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विदर्भातील ज्या मुलांना या विषयाची ओढ वाटेल त्यांना फार दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलच्या खाणी आहेत. त्यांपैकी डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, आणि तेथील मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जाते. रोस्टॉकच्या प्रयोगशाळेत जे मँगनीज वापरले गेले ते अर्थातच शुद्ध संयुगाच्या रूपातील, काही मिलिग्रॅम. आणि तुमसरच्या खाणींतून जे निघते ते ट्रक भरभरून.